चातुर्मासातला लसूण आणि रत्नागिरीची गोगलगाय

आमच्या घरात शंखाचे उपयोग दोन. एक शंख देवघरात असे, त्याची रोज साग्रसंगीत पूजा. बाकीचे बाबा जाळून टाकत. बाबा अमरावतीत भिक्षुकी करत आणि उरलेल्या वेळात शंखभस्म. लिंबाच्या रसात शंख उकळायचे, मग गोवऱ्यांत भाजायचे, मग खलत बसायचं. पोटात जळजळ झाली की अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर हजर. त्या शंखात कधीकाळी कुणी राहत असेल, हे मात्र आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. समुद्र आम्ही फक्त नकाशात पाहिलेला.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं आणि हा सगळा घोटाळा सुरू झाला. साठ सालानंतरची गोष्ट. आमचे सर समुद्रातल्या गोगलगायींवर बोलायला लागले की घंटा झालेलीही त्यांना ऐकू येत नसे. एका जातीच्या गोगलगायीच्या अंगात एक ग्रंथी असते, तिच्या रसानं ताठलेले स्नायू सैल पडतात. दुसऱ्या एकीच्या रसात जंतूंची वाढ थांबते. परदेशात लोक यातून औषधं शोधतायत. मी धावतच घरी आले आणि जेवणाच्या पानावरच बाबांना सांगितलं की शंख म्हणजे नुसता चुना आहे, खरी गंमत आतल्या जिवात आहे.

"म्हंजे औषध फेकून मी नुसतं घर जाळून राहिलो?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, जवळपास तसंच. बाबांना इतकं हसू आलं की ठसका लागला. त्या दिवसापासून ते रोज विचारत, आज गोगलगाय काय म्हणते?

सरांनी बी.एस्सी.नंतर मला मुंबईला एम.एस्सी.ला जा म्हटलं. तिथे समुद्र होता, प्रयोगशाळा होती, मला दुसरं काही दिसेनासंच झालं. बाबा मनातून तयार होते. अडचण होती आत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घरचं सोवळं तिच्या ताब्यात होतं आणि सोवळ्यापाठोपाठ बाबाही. भर मंडपात खणखणीत मंत्र म्हणणारे बाबा तिच्यासमोर गेले की आवाज हरवून येत. मुंबईचं बोलायला म्हणून स्वयंपाकघरात जायचे आणि दूध किती आलं ते विचारून परत यायचे. मग मला म्हणायचे, चातुर्मास संपू दे. सरांना उत्तर हवं होतं दिवाळीची सुटी संपताच. मला झोप येईना.

त्याच सुटीत कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली. समुद्र दिसला तेव्हा आम्ही सगळ्या वऱ्हाडी पोरी वेड्यासारख्या हसत सुटलो. का, ते कुणालाच सांगता येईना. मी आधी पाणी खरंच खारट आहे का ते चाखून पाहिलं. ओहोटीला सरांनी खडकावरून एक ओबडधोबड गोगलगाय उचलली, काडीनं डिवचली, आणि तिनं सोडलेला पांढरट थेंब आपल्या रुमालावर घेतला. रुमाल उन्हात धरला. थेंब पिवळा झाला, मग हिरवा, मग चक्क जांभळा. आणि वास म्हणाल तर फोडणीत टाकलेल्या लसणाचा. मला इतका आनंद झाला की मी सरांसमोरच टाळ्या पिटल्या.

परत निघताना सरांनी कॉलेजसाठी बरण्या भरून घेतल्या. मी माझ्यापुरत्या मूठभर गोगलगायी ओल्या गोणपाटात गुंडाळून डब्यात घातल्या. बाबांना ते रंग दाखवायचेच होते.

घरी पोचले तेव्हा कार्तिकी एकादशी तोंडावर आली होती. बाबा वलगावला सत्यनारायण सांगायला गेलेले. ते येईपर्यंत थांबणारी मी नव्हे. परसात डबा उघडला. पांढरं कापड हवं होतं. दोरीवर सगळ्यांत पांढरा होता बाबांचा पंचा. एकेका गोगलगायीला डिवचून मी त्याच्या टोकाला थेंब लावला आणि पाहत बसले. रंग फिरायला लागला, वास सुटायला लागला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी.

आषाढापासून आमच्या घरात कांदा-लसणाचं नाव नव्हतं. आत्यानं तर जन्मात लसूण खाल्लेला नाही. त्यामुळे तिचं नाक फारच तिखट. तिनं आधी आईला श्वास सोडायला लावला. मग मला. मी डबा पाठीमागे धरून प्रामाणिकपणे श्वास सोडला. इतक्यात बाबा आले, पाय धुतले आणि दोरीवरचा पंचा ओढून तोंड पुसायला लागले. आत्या त्यांच्या जवळ गेली.

"लसूण," ती म्हणाली.

बाबांनी तोंडावरचा पंचा खाली घेतला.

"खाल्ला, आक्का," ते म्हणाले. "वलगावले. विहिरीवर बसून. ठेचा होता, भाकर गरम होती." थोडं थांबले. "अन् मागच्या सत्यनारायणालेबी."

आईनं पदर तोंडात कोंबला. मी हसू की रडू अशी. बाबांच्या हातातला पंचा उन्हात जांभळा होत चालला होता. आत्यानं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला डबा पुढे करावाच लागला. आतली एक गोगलगाय अंग बाहेर काढून डब्याच्या कडेनं निवांत चढत होती. वास हिचा, मी म्हटलं.

आपण उगीचच कबुली दिली हे बाबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तसे ते धुण्याच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्याच पंच्यानं डोळे पुसत, आयुष्यात पहिल्यांदा बहिणीपुढे ताठ आवाजात बोलले.

"आक्का, इतकं सांगितलंच आहे तर आणखी एक सांगतो. पोरीले मुंबईले शिकायले पाठवून राहिलो मी."

आत्यानं बाबांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"त्या जिवाले पाण्यात ठेव आधी," ती मला म्हणाली. "उनात मरन तो."

साध्या पाण्यात चालत नाही, खारं लागतं, असं मी चाचरत सांगितलं. ती आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. पातेल्यातल्या पाण्यात मीठ घालत गेली, माझ्याकडून चाखवून घेत गेली. समुद्र चाखलेली घरात मी एकटीच होते. मुंबईबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली, आणि मी परसात गोल गोल फिरले.

जूनमध्ये बाबा मला बडनेऱ्याला गाडीत बसवायला आले. खांद्यावर तोच पंचा होता. कित्येकदा धुऊनही डाग गेला नव्हता, आणि बाबांनी तो दिसेल असाच घेतला होता. आत्यानं शिदोरीचा डबा दिला होता. अकोला यायच्या आतच मी तो उघडला. भाकरीसोबत लसणाची चटणी होती.

मीठ जरा जास्त झालं होतं. तिला ती चाखता आली नव्हती ना. मी बोटं चाटून सगळी संपवली.