छिनताईंना समजलं नाही

विद्यापीठात पीएचडी नसलेली माणसं पुष्कळ होती, पण पीएचडीवाल्यांना आल्या पावली परत पाठवणाऱ्या एकट्या छिनताईच. पूर्ण नाव वेंग श्यू-छिन. शिक्षण म्हणाल तर कॉमर्सच्या शाळेत दिलेली टायपिंगची परीक्षा. संशोधन विभागात शिरलं की डाव्या हाताचं तिसरं टेबल त्यांचं. संशोधनासाठी पैसे मागणारा एकही अर्ज त्या टेबलावर मुक्काम केल्याशिवाय राजधानी तैपेईतल्या विज्ञान परिषदेकडे जात नसे.

काम कागदोपत्री साधं होतं. डिसेंबर उजाडला की अर्ज यायला लागत. पानं मोजायची, अक्षराचा आकार बघायचा, प्रकाशनांची यादी जोडली आहे का ते तपासायचं आणि ठरलेल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठाची नोंद बंद करायची. परिषदेची खरी तारीख त्यानंतर चार दिवसांनी असे, पण ते चार दिवस सह्या आणि शिक्क्यांचे. प्राध्यापकांना हे माहीत होतं, म्हणून ते दरवर्षी घासाघीस करत. एकदा एक डीनसाहेब पाच वाजून तीन मिनिटांनी अर्ज आणि जांबांची पेटी घेऊन हजर झाले. छिनताईंनी जांब सगळ्या ऑफिसात वाटले, अर्ज साहेबांच्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "गोड आहेत हो. पुढच्या वर्षी दोन्ही वेळेवर आणा."

त्या दिवसांत, तिकडच्या समजुतीप्रमाणे, प्रत्येक संगणकावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असे, यंत्रानं शहाण्या लेकरासारखं वागावं म्हणून. पुडीची मुदत संपलेली चालत नाही. तीही तारीख ताईच बघत.

आणि त्या अर्ज वाचत. हे त्यांचं काम नव्हतं. सुरुवातीची बारा वर्षं त्यांनी प्राध्यापकांच्या हस्ताक्षरातले अर्ज टाइप करून दिले होते, त्यात त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. ज्या वाक्यावर बोटं अडखळतात, त्याच वाक्यावर परिषदेचा परीक्षकही अडखळतो. टाइप करणं संपलं, पण सवय गेली नाही. अर्जाची प्रत काढून त्या वाचत आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहीत, "समजलं नाही." काही जण चिडत. बरेच जण गुपचूप वाक्य बदलत, आणि पेन्सिल खोडून टाकत.

डॉक्टर झान यू-हेंग चिडणाऱ्यांपैकी निघाले. माणूस तैपेईत वाढलेला, परदेशात शिकलेला, जलजीवशास्त्र विभागात रुजू होऊन चार वर्षं झालेली. दोन वर्षं लागोपाठ त्यांचा अर्ज नापास झाला होता. आठ वर्षांत बढती मिळाली नाही तर हातात नारळ, हा विद्यापीठाचा नियम होता, आणि अनुदान नसेल तर बढती कसली! यंदाचा त्यांचा अर्ज कालवांवर होता. उन्हाळ्यात कालवं ढिगानं का मरतात, ते शोधायचं होतं.

अर्ज परत आला तो समासात तेरा ठिकाणी पेन्सिल घेऊन.

झान थेट टेबलापाशी आले. "ताई, पानं बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"सगळं जोडलंय?"

"जोडलंय. टापटीप आहे अगदी."

"मग हे काय? तुम्हांला समजायची गरजच नाहीये. हे तज्ज्ञांसाठी आहे."

"तेरापैकी बारा ठिकाणी मला समजलं नाही, ते सोडून द्या, सर," ताई म्हणाल्या. "तेराव्या ठिकाणी मला समजलंय. तोच तर घोळ आहे."

झान पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. ते संशोधन विभागाचे प्रमुख यान सर यांच्या खोलीत गेले आणि कारकून बाई माझा अर्ज अडवतात, विज्ञानात लुडबुड करतात, अशी तक्रार केली. यान सर शांत माणूस. त्यांनी ताईंना आत बोलावलं.

"ताई, अर्ज नियमात बसतो?"

"बसतो, सर. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुढे पाठवते."

"मग पाठवा ना."

"पाठवते. फक्त चौदाव्या पानावर झान सरांनी लिहिलंय, ऑगस्टमध्ये दर आठवड्याला बाहेरच्या समुद्रातल्या तराफ्यांवरून कालवं काढणार. ऑगस्टमध्ये तिथं तराफेच नसतात."

 यान सरांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"वादळांचा हंगाम लागायच्या आधी तराफे ओढून आतल्या खाडीत आणतात," ताई म्हणाल्या. "राहिलेले लाटा मोडून नेतात. ऑगस्टमध्ये तिथं गेलात तर पोहून परत यावं लागेल."

"तुम्हांला कसं माहीत?" झान म्हणाले. आवाज मघापेक्षा उतरला होता.

"त्यातले तीस तराफे माझ्या भावाचे आहेत."

यान सर खिडकीकडे तोंड करून खोकले. ते हसत होते हे ताईंनी ओळखलं. झान यांचे कान लाल झाले होते. ते माफी मागतील असं ताईंना वाटलं नव्हतं, आणि त्यांनी मागितलीही नाही. थोड्या वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारी भाऊ घरी असतात का तुमचे?"

तो रविवार नेमका वर्षातला सर्वांत छोटा दिवस होता. तुंगशीच्या बंदरावर वारा असा की टोपी धरून चालावं. छिनताईंच्या माहेरी, भावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बायका कालवं फोडत बसल्या होत्या. त्यांत सगळ्यांत पुढे ब्याऐंशी वर्षांची आई. तिनं पाहुण्याला आधी आल्याच्या गोड पाकातल्या तांदळाच्या गोळ्यांची वाटी दिली, मग बसायला लाकडी पाट.

"खा मास्तर. आज गोळे खाल्ले की वय एकानं वाढतं. तुमचं वाढायलाच हवंय, पोरगेलेच दिसता."

आई बोलत होती गावाकडच्या बोलीत. झान यांच्या घरी ती बोली कधी बोलली गेली नव्हती. त्यांनी ताईंकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"छान दिसता म्हणाली."

हाताखालची सुरी न थांबवता आईनं विचारलं की मास्तरांना नक्की काय हवंय. ताईंनी सांगितलं, उन्हाळ्यात कालवं का मरतात ते शोधतायत. आई क्षणभर थांबली.

"कुठली? बाहेरची की ओढून आणलेली?"

ताईंनी प्रश्न उलगडून सांगितला. झान म्हणाले, "सगळीच. पाणी तापतं म्हणून मरत असावीत. माझ्या अर्जाचा मुद्दाच तो आहे."

"पाणी तर सगळ्यांचंच तापतं," आई म्हणाली. "आमच्या आ-शेंगची शंभरात वीस मरतात. पलीकडच्या हाँगची निम्मी. दोघांचं पाणी एकच आहे की!"

आता भाऊही पुढे सरसावला. आ-शेंग म्हणजे दणकट, मोजकं बोलणारा गडी. "हाँग दुपारी ओढतो. भरतीची वाट बघत बसतो आरामात. तराफ्याला टांगलेल्या कालवांच्या माळा तास तास पाण्याबाहेर, उन्हात. मी उजाडायच्या आत ओढतो. ती जागेवर मरत नाहीत, प्रवासात मरतात. पण मेलेली कळतात आठ दिवसांनी, म्हणून सगळे पाण्याला दोष देतात."

झान यांनी वही काढली. पुढचे दोन तास ते विचारत राहिले. ओढायला किती वेळ लागतो, माळा किती लांब, खाडीत नदीचं गोडं पाणी कधी मिसळतं, मेलेली कुठे टाकता. एखादा शब्द कळला नाही की "समजलं नाही" म्हणत, आणि आई दुप्पट आवाजात तेच पुन्हा सांगे, जणू त्यांना ऐकूच कमी येतं. निघताना त्यांच्या बोटाला कापलेलं होतं, कारण आईनं त्यांनाही सुरी दिली होती. दोन तासांत त्यांनी अकरा कालवं फोडली. आईनं ती मोजली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही लिहायचंच काम करा."

परतताना गाडीत झान म्हणाले, "सगळा अर्ज नव्यानं लिहावा लागेल. पाच दिवस आहेत."

"चार," ताई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी मी वाचणार."

गुरुवारी दुपारी नवा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. आधीचा पंचवीस पानांचा होता, हा एकोणीस. पहिलंच वाक्य असं, 'एकाच खाडीतल्या दोन शेतकऱ्यांची कालवं वेगवेगळ्या प्रमाणात का मरतात?' ताईंनी सगळा वाचला. पेन्सिल दोनच ठिकाणी टेकली, तीही आकड्यांसाठी. झान तिथंच उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"ही दोन दुरुस्त करा आणि चढवा," ताई म्हणाल्या.

"बरा झालाय?"

"मला कळला. बाकी तज्ज्ञांचं तज्ज्ञ बघतील."

शुक्रवारी सकाळी झान यांनी दुरुस्त केलेला अर्ज परिषदेच्या संकेतस्थळावर चढवला आणि दुपारच्या वेगवान रेल्वेनं ते तैपेईला निघाले. बायकोच्या वडिलांचा सत्तरावा वाढदिवस होता. दुपारभर ताईंची शेवटची तपासणी चालली होती. नव्वद अर्ज होते. पानं मोजून हिरवी खूण केली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. साडेचारला झान यांचा अर्ज त्यांनी उघडला, थेट चौदाव्या पानावर गेल्या आणि थबकल्या. ऑगस्ट. दर आठवड्याला. बाहेरच्या समुद्रातले तराफे.

गड्यानं घाईत जुनीच फाइल चढवली होती.

पाचला अठ्ठावीस मिनिटं कमी. ताईंनी फोन लावला.

"सर, कुठे आहात?"

"गाडीत. ताइचुंग येतंय. का हो?"

"जुना अर्ज चढवलाय तुम्ही."

पलीकडून झान ओरडले, "नाही! नाही नाही... थांबा, बघतो." मग बोगदा आला असावा, कारण फोन तुटला. ताईंनी अर्ज प्रणालीतून त्यांच्याकडे परत पाठवला, म्हणजे त्यांना तो बदलता येईल. पण आता तो विद्यापीठाच्या यादीतच नव्हता. पाचपर्यंत आला नाही, तर जुनाही गेला आणि नवाही.

यान सर टेबलाशी आले. "ताई, परिषदेची मुदत मंगळवारपर्यंत आहे. आजच्या दिवस..."

"सर, गेल्या वर्षी गणिताच्या लिन बाई पाच मिनिटं उशिरा आल्या. रडत परत गेल्या. त्यांना मी काय सांगू?"

यान सर तिथंच खुर्ची ओढून बसले.

फोन वाजला. मागून स्टेशनावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. "उतरलोय मी. ताइचुंगला. दुकानासमोर जमिनीवर बसलोय. लॅपटॉप चालू होतोय."

"घाई करू नका."

"घाई करू नका?"

"सकाळी घाईच केली होती ना? फाइलीचं नाव वाचून दाखवा मला."

झान यांनी वाचलं. ताई म्हणाल्या, ही नव्हे. दुसरं वाचलं. हीही नव्हे, ही गुरुवारची, आकडे न बदललेली. तिसरं वाचलं. "ही. आता उघडा आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचा." ताइचुंगच्या स्टेशनात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत बसून, डॉक्टर झान यांनी कालवांचं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. पाचला चार मिनिटं कमी असताना अर्ज पुन्हा यादीत दिसला. ताईंनी तो उघडला, कामाच्या वेळापत्रकाचं पान काढलं, बोट ठेवून सगळं वाचलं, आणि मग खूण केली. पाच वाजता नोंद बंद झाली.

"आता पुढच्या गाडीनं जा," त्यांनी फोनवर सांगितलं. "आणि सासऱ्यांना माझ्यातर्फे शंभर वर्षं आयुष्य मागा."

निकाल जूनमध्ये लागला. अनुदानाची मागितली होती तीन वर्षं, मिळाली दोन. परीक्षकानं लिहिलं होतं की प्रश्न नेमका आहे आणि कामाचं वेळापत्रक खाडी ओळखणाऱ्या माणसाचं वाटतं. झान तो कागद हातात घेऊन आले आणि या वेळी मात्र त्यांनी वाकून, नीट नमस्कार केला. "ताई, ते त्या दिवशीचं... मी चुकीचं बोललो."

"बोललात खरं," ताई म्हणाल्या. "कागद दाखवा, त्याची प्रत लागते मला."

आईला त्यांनी फोनवर बातमी दिली. आई म्हणाली, "मग? का मरतात ते कळलं?"

"अजून कुठे! आता शोधायला मंजुरी मिळाली."

"एवढं लिहून नुसती मंजुरी?" आईला मोठं नवल वाटलं. "लिहिण्यापेक्षा फोडणं सोपं गं बाई."

पुढल्या जूनमध्ये झान आणि त्यांचे विद्यार्थी आ-शेंग आणि हाँग या दोघांच्याही होड्यांवर होते. पहिल्या दिवशी झान यांना दोनदा उलटी झाली. तिसऱ्या दिवशी ते उभे राहून डबा खायला लागले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी हाँगच्या अर्ध्या माळा पहाटे आणि ओल्या गोणपाटाखाली आणायला लावल्या. त्या माळांवरची मर निम्म्यावर आली. हाँग वर्षभर म्हणत राहिला की हे मला आधीपासून ठाऊक होतं. झान यांना बढती मिळाली, आणि त्यांनी तुंगशीतच भाड्यानं एक खोली घेतली. गावाकडची बोली ते आता बोलतात, बाजारात हसू यावं इतपत तरी.

छिनताईंनी पुढचे तीन डिसेंबर त्याच टेबलाशी काढले. निवृत्त व्हायच्या आधीच्या सप्टेंबरात यान सरांनी त्यांना नव्या प्राध्यापकांसमोर उभं केलं, अर्ज कसा लिहावा ते सांगायला. समोर छत्तीस जण होते, सगळे डॉक्टर. ताई नवा कोट घालून आल्या होत्या. ध्वनिक्षेपक नको म्हणाल्या, त्यांचा आवाज मासळीबाजारातला होता. त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका तरुण बाईंना विचारलं, तुम्ही काय करता? बाईंनी तीन मिनिटं सांगितलं.

"आता हे मला सांगा," ताई खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. "सावकाश. दुपारपर्यंत वेळ आहे आपल्याला."