बोथट सुरी आणि नांदेडचा फेरफटका

नांदेडात काय बघायचं, काय खायचं, असं कुणी विचारलं की मी न अडखळता सांगते. सकाळी गोदावरीचा घाट. मग नदीकाठचा किल्ला. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगर. परतीच्या आधी जुन्या गावातल्या गल्लीत तहारी, म्हणजे आपला मसाल्याचा पिवळा भात, आणि वर मलईची जाड लस्सी. ऐकणारे म्हणतात, बाईला फिरायची भारी आवड. आवड कसली डोंबलाची! माझ्या भावाच्या हातून माझ्या काकाचा खून होऊ नये, म्हणून मी नांदेड पाहिलं.

आमचं गाव देगलूरकडचं. माझे वडील आबा आणि काका सख्खे भाऊ, दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आणि त्या बांधावर एक बाभूळ. काकानं ती न विचारता तोडली. आबा आडवे गेले, आईवरून शिव्या झाल्या. खरं तर दोघांची आई एकच, पण तेवढा विचार कोण करतो? काकानं फावडं उचललं आणि आबांच्या डोक्यात घातलं. दादा पलीकडच्या वाफ्यातून कोयता घेऊन धावला. काकानं वार अडवायला उजवा हात वर केला आणि त्याची तीन बोटं ढेकळांत पडली. मी डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन बांधावर उभी होते. त्यातलं एक बोट हललेलं मी पाहिलंय. दादा म्हणतो, हे तुझ्या मनाचं. असेल.

आबा वाचले, पण त्यांची वाचा गेली आणि हात इतका कापायला लागला, की घास तोंडापर्यंत जाईना. आई भरवायची. आम्ही काकावर केस केली, काकानं दादावर. दोन्ही केसेस एकाच कोर्टात आणि तारीखही एकाच दिवशी. गावातून नांदेडला सकाळी एकच एसटी. म्हणजे मारणारे आणि मार खाल्लेले एकाच गाडीत. काका पुढं, आम्ही मागं. दोन्ही घरांचं एकमेकांकडचं पाणी बंद झालं होतं. त्यांच्याकडची काडीसुद्धा घ्यायची नाही, आपली द्यायची नाही, असं दादानं सगळ्यांना बजावलं होतं. दादा जामिनावर होता. नखभर काही झालं असतं तरी तो आत गेला असता.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी आईनं मला चुलीपाशी बोलावलं. "सुरी न्हाई डब्यात," ती म्हणाली. "दादानं कमरेला लावलीय. मी काढून घेतली तर दुसरी आणंल. तू संगं जा. त्याला फिरव, खाऊ घाल, पर काकाच्या वाऱ्याला उभा राहू देऊ नको."

झालं, मी शहर दाखवणारी बाई झाले. कोर्टाच्या दारात तपासणी असायची. तेवढा वेळ सुरीची पिशवी चहाच्या गाड्यावर असायची आणि तो चहावाला बिचारा आम्हाला साधी माणसं समजून तीवर बूड टेकून बसायचा. पुकारा झाला, पुढची तारीख मिळाली, की सुरी परत दादाच्या कमरेला आणि मी दादाचं मनगट धरून चालू. काका बसस्टँडकडं वळला की आम्ही नदीकडं. तो नदीकडं आला की आम्ही किल्ल्यावर.

दादा मात्र सगळं एकाच नजरेनं बघायचा. किल्ल्याच्या तटावरून मला गोदावरी दिसायची, पलीकडचं हिरवं दिसायचं, पाण्यात उतरलेल्या म्हशी दिसायच्या. तो खाली वाकून म्हणायचा, "इथून ढकलला तर हाड सापडायचं न्हाई." पुलावर उभं केलं तर पाणी किती खोल ते विचारायचा. गुरुद्वाऱ्याचा पांढराशुभ्र घुमट आणि त्यावरचं सोनं उन्हात बघताना माझं तोंड उघडंच राहायचं, आणि हा बाहेरच्या दुकानांत तलवारींच्या पात्यावरून अंगठा फिरवत उभा. दुकानदार म्हणायचा, शोभेच्या आहेत, धार नाही. दादाला ते पटायचं नाही.

खाताना तेवढा माणसात यायचा. तहारीच्या पहिल्या घासाला त्याच्या कपाळावर घाम फुटायचा, हिरव्या मिरचीच्या भज्याला नाक वाहायचं, लस्सीच्या मिशा यायच्या. मी त्याला ते दाखवून हसायचे, तोही हसायचा आणि तेवढा वेळ त्याचा हात कमरेवरून खाली असायचा. म्हणून मी त्याला फुटेस्तोवर खाऊ घालायचे. मला त्याचा राग यायचा, काकाचा यायचा, सगळ्यात जास्त त्या बाभळीचा यायचा. पण तहारी झकास असायची, हेही खोटं नाही.

लंगर मला सगळ्यात आवडायचं. तिथं कुणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, येऊन ओळीत बसायचं. रोटी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढं करायचे, मग हातांवर ठेवतात. दादासाठी मला ती रीत फार सोयीची वाटायची. दोन्ही हात पुढं असले, म्हणजे कमरेला एकही नाही.

त्या दिवशी आम्ही बसलो, दाळ वाढून झाली आणि समोरच्या ओळीत, बरोबर आमच्यापुढं, काका येऊन टेकला. डोक्याला रुमाल बांधलेला, खाली मान. वर बघितलं तेव्हा आम्ही दिसलो. तो उठायला लागला, पण वाढणारा त्याच्यापुढं येऊन थांबला होता. "दोनों हाथ, बाबाजी," वाढणारा म्हणाला. काका उजवा हात दस्तीखाली, खांद्यावरच्या फडक्याखाली, झाकून ठेवायचा. तो त्यानं बाहेर काढला. कोर्टातसुद्धा दादानं तो हात उघडा पाहिला नव्हता. अंगठा, करंगळी आणि मध्ये गुळगुळीत कातडी. रोटी त्यावरून घसरून खाली पडली. वाढणाऱ्यानं दुसरी ठेवली.

दादानं मान खाली घातली. मला वाटलं, निभावलं.

मग काका बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "अण्णा हातानं जेवतो का रं आता?"

अण्णा म्हणजे आबा. काका त्यांना लहानपणापासून अण्णाच म्हणायचा.

दादा ताटावरून उडाला. दाळ माझ्या मांडीवर सांडली. त्यानं एका हातानं काकाची मानगूट धरली आणि दुसऱ्यानं तोंडावर ठोसे घातले, एकामागून एक. काकाचा ओठ फाटला. त्यानं एकही हात उचलला नाही. मी दादाच्या पाठीला लटकले, केस ओढले, चावले त्याला. त्या झटापटीत सुरी कमरेतून निसटली, फरशीवर वाजली आणि सरकत काकाच्या गुडघ्यापाशी गेली.

मी पाहिली. काकानंही पाहिली. घरचीच सुरी, दोघं भाऊ एकत्र होते तेव्हा शेतातली टरबुजं हिनंच चिरायचे. माणसं धावत आली. ती पोचायच्या आत काकानं दस्ती त्या सुरीवर टाकली आणि वर गुडघा ठेवला.

"क्या हुआ?" एका दांडग्या सेवेकऱ्यानं दादाला बाजूला ओढत विचारलं.

काकाच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. "काही न्हाई," तो म्हणाला. "पुतण्या हाय माझा. मला ठसका लागला, पाठ थोपटून राहिला होता."

त्या माणसाला ते खरं वाटलं नसणारच. त्यानं दादाकडं बघितलं, काकाकडं बघितलं आणि आम्हाला दोघांना बाहेर नेऊन सोडलं.

घाटावर आल्यावर दादा पायरीवर बसला. कमर चाचपून म्हणाला, "सुरी पडली वाटतं कुठंतरी." मी मांडीवरची दाळ धुवायला पाण्याकडं वळले. थोड्या वेळानं काकाही घाटावर आला आणि खालच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसला. त्याचा डावा खांदा एकसारखा हलत होता. "रडून राहिला थेरडा," दादा म्हणाला आणि थुंकला. मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी तहारी झाली नाही.

एसटीतून आमच्या फाट्यावर तिघंच उतरलो. काकानं दस्तीत गुंडाळलेलं पुडकं माझ्यापुढं धरलं. "आईला दे. कांदे चिरायला लागंल."

मी घेतलं. आत काय आहे ते मला हातात आल्याबरोबर कळलं, आणि तेवढ्यात दादानं मला अशी थोबाडीत मारली की कानात शिट्टी वाजली. "त्याच्या हातचं घेतलंस?" काका मध्ये पडायला पुढं झाला, तो अर्धा हात वर करून. दादानं मूठ उगारली. काकानं हात खाली घेतला आणि तो आपल्या घराच्या वाटेला लागला.

घरी आईनं पुडकं सोडलं. आबांची जेवायची वेळ झाली होती, म्हणून तिनं तीच सुरी धुतली आणि कांदा घेतला. कांदा चेपला, चिरला जाईना. तिनं जोर दिला, सुरी घसरली. मग तिनं पात्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"धार न्हाई हिला," ती म्हणाली. "दगडावर घासून मोडलीय कुणीतरी."

धार दादानंच आदल्या दिवशी लावली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. दोघांनाही घाटावरचा तो हलणारा खांदा आठवला. दादानं आईच्या हातातली सुरी घेतली आणि अंगणात धारेच्या दगडापाशी जाऊन बसला. आई कान देऊन थांबली, मीही थांबले, माझा गाल जळत होता. आबा भिंतीला टेकून आमच्याकडं बघत होते. दगडावर पातं घासल्याचा आवाज काही आला नाही.

मग आईनं कांदा भुईवर ठेवला आणि बुक्कीनं फोडला.

केसेस अजून चालू आहेत, काकाशी बोलणं अजून बंद आहे. मी आता लातूरला असते. माहेरी गेले की स्वयंपाकघरात ती सुरी खिळ्याला लटकलेली दिसते. तिला कुणी धार लावलेली नाही. आमच्याकडं कांदा बुक्कीनंच फोडतात.