मऊ अस्वलं

दुकानात कापूस भरलेलं अस्वल दिसलं की मला मस्कतमधला तो हॉल आठवतो. मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम होता, एसी कडक, आणि दारापाशी लावलेल्या बखूरच्या, म्हणजे अरबी धुपाच्या, धुरात बटाटेवड्यांचा वास मिसळला होता. मी बारा वर्षांची होते. मराठी ऐकायचे, पण उत्तर इंग्रजीत द्यायचे. भाषण नीट झालं तर आइस रिंकवर नेईन, असं बाबांनी कबूल केलं होतं. म्हणून मी विषय घेतला, त्याच महिन्यात ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलेला जपानी स्केटर. लहानपणी दमा असूनही तो कसा शिकला, हवेत चार गिरक्या कशा घेतो, सगळं पाठ होतं. मग मी म्हणाले, “नाच संपला की लोक प्रेमाने त्याच्यावर अस्वलं फेकतात.” परीक्षक काका मालवणचे, बंदरावर क्रेन चालवणारे. त्यांनी चष्मा काढला. “गो बाय, अस्वलां? मेलेली काय जिती?” सॉफ्ट टॉयला मराठीत काय म्हणतात ते मला आठवेना. “मऊ,” मी म्हणाले, “आणि मग लहान मुली ती उचलून नेतात.” “जपानातली चेडवा भारीच खमकी आसत हां,” काका म्हणाले, आणि हॉलमध्ये हशा पिकला. आई रुमालात तोंड घालून हसत होती. रिंक गेली, असं धरून मी उरलेलं भाषण एका दमात म्हणून टाकलं. विनोदी भाषणाचं पहिलं बक्षीस मला मिळालं, शुक्रवारी बाबांनी रिंकवरही नेलं. आता माझं मराठी बरं आहे, पण तेव्हा मी विनोद केलाच नव्हता, हे अजून घरी सांगितलेलं नाही.