‘आम्ही’ म्हणायचं नाही

इंग्लंडमध्ये, मेडनहेडला वरदा सोहोनीच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कुणी ‘वुई’ म्हटलं की बशीवर चमचा वाजायचा. टण्ण. तिसऱ्यांदा वाजला की चहा बंद. जवळच्या रीडिंग विद्यापीठात एमएस्सी केलेली पुण्या-नागपूरकडची पोरं नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायला तिच्याकडे येत. ‘वुई डिझाइन्ड’, ‘वुई टेस्टेड’ असं बोलायची त्यांना इतकी सवय असे, की पहिल्या दिवशी बहुतेकांना कोरड्या घशानेच परत जावं लागे.

फी ती घेत नसे. रागवायची मात्र मनसोक्त. पोरांनी खांदे पाडले की रागवायची, ‘सॉरी’ने वाक्य सुरू केलं की रागवायची. तिचा नवरा राजीव शनिवारचे दोन वाजले की मुकाट्याने गार्डनमध्ये जायचा, मग बाहेर कितीही थंडी असो.

या रागाला कारण होतं. सोळा वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसात टीम लीडची जागा निघाली होती. मुलाखतीत विचारलं, बंद पडलेली सिस्टीम कशी उभी केलीत? ती वरदाने एकटीने, तीन वीकेंड ऑफिसात बसून उभी केली होती. पण ‘मी केलं’ हे शब्द तिच्या तोंडून फुटेनात. आपली टिमकी आपण वाजवू नये, असं आईने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. ती म्हणाली, आम्ही केलं. जागा मिळाली ती तिनेच काम शिकवलेल्या एका माणसाला. तिच्या फीडबॅकमध्ये एकच ओळ होती: उमेदवाराने स्वतः नेमकं काय केलं ते कळत नाही. तेव्हा तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती आजपर्यंत खाली उतरली नव्हती. फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डावर तिने लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘मी’.

अक्षया तिच्याकडे आली तेव्हा तिच्या व्हिसाचे सहा आठवडे उरले होते. नागपूरची मुलगी. हुशार, पण बोलताना अर्धं वाक्य गिळणारी. शिक्षणानंतर मिळालेली मुदत कॉफीच्या दुकानात काम करता करता आणि अर्ज पाठवता पाठवता संपत आली होती. त्या वेळात व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी मिळाली तर राहायचं, नाहीतर बॅग भरायची. आणि आता एक मुलाखत आली होती. मेडनहेडच्याच बिझनेस पार्कमध्ये, पाण्याच्या पाइपलाइनसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. जागा एकच.

"तुझ्या प्रोजेक्टबद्दल सांग," वरदा म्हणाली.

"आम्ही पाइपमधली गळती ओळखणारा प्रोग्रॅम केला."

टण्ण.

"पण काकू, खरंच दोघांनी मिळून केलाय. नकुल आणि मी."

"मिळून म्हणजे काय, भेळ आहे का ती? अगं, समोरच्याला तू हवीयेस. ‘आम्ही’ला कुणी नोकरी देत नाही. ‘आम्ही’ला व्हिसा मिळत नाही! म्हण, मी केला."

अक्षया पुटपुटली, "मी केला."

"मोठ्यांदा."

नकुल शनिवारी दुकानात कामाला जायचा, म्हणून तो रविवारी आला. अक्षयाच्याच वर्गातला, पण जन्म इथलाच, आईवडील मूळचे ठाण्याचे. व्हिसाची कटकट नव्हती, तरी वर्षभर नकार खाऊन तोही पार वैतागला होता. त्यालाही त्याच कंपनीने बोलावलं होतं. "काकू, अक्षया अँड मी, आम्ही एक प्रोजेक्ट केली," त्याने सुरुवात केली, आणि चमचा वाजला. तासाभरात तोही ‘आय बिल्ट इट’ असं ठणकावून सांगायला लागला.

दोघं एकाच कंपनीत चाललेत, हे वरदाला ठाऊक होतं. दोघांचा प्रोजेक्ट एकच, हेही तिने कानांनी ऐकलं होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायचं मात्र तिला सुचलं नाही. कुणी ‘आम्ही’ म्हणालं की त्यात दुसरं कोण आहे, हे तिने इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

मंगळवारी दहाला अक्षयाची मुलाखत झाली, दोनला नकुलची. पॅनेल तेच. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोघं वरदाच्या दारात उभे होते, एकमेकांकडे पाठ करून.

"वाचा," म्हणत अक्षयाने फोन पुढे केला. दोघांना शब्दन् शब्द सारखीच ईमेल आली होती. ‘दोन उमेदवारांनी एकच काम पूर्णपणे स्वतःचं म्हणून सांगितलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका आहे. आम्ही ही प्रक्रिया पुढे नेणार नाही.’ खाली सही कुणाचीच नव्हती.

"तू एकट्याने केलंस?" अक्षया नकुलवर तुटून पडली. "डेटा कुणी आणला? थंडीत मीटर घेऊन कोण फिरलं?"

"तू पण सेमच बोलली ना! कोड कोणी लिहिला? काकूंनी सांगितली तसंच मी बोललो."

मग दोघंही वरदाकडे पाहायला लागले.

"काकू, मी खोटं बोलले," अक्षया म्हणाली. या वेळी तिने वाक्य गिळलं नाही. "आयुष्यात कधी बोलले नव्हते असं. तुम्ही बोलायला लावलंत. आणि आता घरी जाताना चोर म्हणून जायचं."

वरदाला तोंडात मारल्यासारखं झालं. पण राग तिच्या नाकावर कायम तयार असायचा, आणि तो आधी ईमेलवर निघाला. "‘आम्हाला शंका आहे’ म्हणे! हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? दोन पोरांच्या तोंडावर दार आपटायचं आणि नाव सांगायची हिंमत नाही!" ती बडबडत राहिली. दोघं कधी निघून गेले तेही तिला कळलं नाही. मान वर केली तर समोर बोर्ड होता. लाल ‘मी’. तिला त्या अक्षराचा इतका संताप आला, की फडकं न शोधता तिने ते तळहातानेच खसाखसा पुसून टाकलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून तिने कंपनीला फोन लावला. रिसेप्शन, मग कुणीतरी, मग आणखी कुणीतरी. शेवटी एक बाई शांत आवाजात म्हणाली, "आम्ही या निर्णयाचा पुनर्विचार करत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?" वरदाचा आवाज चढला. "सोळा वर्षांपूर्वी मी ‘आम्ही’ म्हटलं तर माझी बढती गेली. तुम्ही रोज म्हणता, तुमचं काहीच जात नाही. निर्णय घेणाऱ्या माणसाला काही नाव आहे की नाही?"



"सारा," ती बाई म्हणाली. "निर्णय माझा आहे. मला दोघांचाही राग आला होता. तुम्ही कोण?"

 सोळा वर्षं ती पोरांकडून जे घोटवून घेत होती, ते आता तिला स्वतःला म्हणायचं होतं. "मी त्यांना शिकवते. त्यांनी मला खरं सांगितलं होतं, दोघांनी मिळून केलंय म्हणून. ते वाक्य मी खोडलं. खोटं माझं आहे, त्यांच्या फक्त तोंडी होतं."

"हे लिहून द्याल? तुमच्या नावाने?"

"आत्ता देते."

तिने चार ओळी लिहिल्या. चारही ‘आय’ने सुरू होणाऱ्या, आणि एकीतही फुशारकीला जागा नव्हती. साराने दोघांना सोमवारी पुन्हा यायला सांगितलं, एकाच वेळी, एकाच खोलीत.

त्याच्या आदल्या दिवशी वरदाने दोघांना टेबलाशी शेजारी शेजारी बसवलं. ती अजून धुमसत होती. साराला शंका घेता आली, मला साधा प्रश्न विचारता आला नाही, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. चमचा ड्रॉवरमध्ये होता. "अक्षया, नकुलने काय केलं ते सांग. आणि नकुल, तू तिचं सांग."

 नकुल टेबलाकडे बघत म्हणाला, "चार महिने ती मीटर घेऊन फिरली. तिचा डेटा नसता तर माझी कोड म्हणजे नुसता कचरा."

अक्षयाने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "कचरा नव्हता," ती म्हणाली. "माझी एक चूक त्याने शोधली होती, आणि प्रोजेक्टच्या सरांना सांगितली नव्हती." त्या दिवशी दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला.

गुरुवारी दुपारी वरदा ऑफिसच्या किचनमध्ये कप विसळत होती, तेवढ्यात फोन आला. अक्षया इतक्या जोरात ओरडली की शेजारचा माणूस वळून पाहायला लागला.

"काकू! आम्हाला मिळाली! नोकरी मिळाली आम्हाला!"

मागून नकुलचाही आवाज येत होता, काहीतरी इंग्रजीत आनंदाने ओरडत होता. जागा एकच होती. ती अक्षयाला मिळाली होती, त्याला नव्हती. ‘आम्हाला कुठे, तुला मिळाली,’ हे वरदाच्या अगदी जिभेवर आलं. तिच्या हातात चमचा होता. तिने तो ओल्या फडक्यावर हळूच ठेवला, वाजू नये म्हणून.