वाकळ अजून जेवली नाही

आमच्या घरात शिवायला घेतलेली कुठलीही वस्तू पुरी होत नाही, ही गोष्ट गल्लीत आता जुनी झाली आहे. आज सकाळी कपाट आवरताना सहज बघितलं. एक ब्लाऊज, एका बाहीचा. शेजारणीच्या लेकीचा परकर, ती लेक आता कॉलेजात जाते. खिडकीचा एक पडदा, त्याचा जोडीदार अजून नुसतं कापड आहे. आणि नवऱ्याची पँट, तिची चेन बदलायला घेतली आणि जुनी चेन काढून झाली. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातो. जाताना दारातून विचारतो, "माझी पँट?" मी म्हणते, "घेतलीय." घेतलीय हे खरंच आहे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," असं तो म्हणतो. या म्हणीवर माझं काही म्हणणं नाही. आमच्या पलंगाखाली तीन गाठोडी आहेत, भारच भरेल.

माझा दोष नाही असंही मी म्हणत नाही. पण मशीनवर बसलं की कुकरची शिट्टी होते. कुकर उतरवला की नळाला पाणी येतं. पाणी भरून झालं की दारात कुणीतरी येऊन "वहिनी, जरा फॉल लावून देता का" म्हणतं, आणि मी हो म्हणते. एकदा गॅसवाला बेल वाजवत होता म्हणून घाईत बाही उलटी लावली. ती उसवून ठेवली. वर सांगितलेलं एका बाहीचं ब्लाऊज ते हेच.

या सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे वाकळ. पुण्यामुंबईकडं तिला गोधडी म्हणतात. ती सहा वर्षांमागं माझ्या सासूबाई घेऊन आल्या. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात, मीही तेच म्हणते. आत्ती नेसरीजवळच्या खेड्यात थोरल्या दिरांकडं राहायच्या. मामंजी गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात आत्ती एक गाठोडं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. गाठोड्यात मामंजींची तीन धोतरं आणि त्यांची स्वतःची चार लुगडी.

"तुझ्याकडं मशीन हाय," त्या म्हणाल्या. "ह्येची वाकळ कर. झाली की जाते मी."

खोटं कशाला बोलू, मी मनात आठ दिवस धरले. आत्तींचा आवाज असा की त्यांनी स्वयंपाकघरात मीठ मागितलं तर चार घरं पलीकडची बाई मीठ घेऊन येईल. आठ दिवस कसेही निघतील, असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी मशीनची सुई मोडली. सात पदरांचं जाड कापड, मशीनला कुठून झेपायचं? मी दुसरी सुई लावली, तीही मोडली. आत्ती बघत होत्या. "मशीनला वाकळ सोसत न्हाय व्हय? मग ठेवलंय कशाला, पूजेला?"

म्हणून मग हातानं. रोज दुपारी जेवणं झाली की वाकळ जमिनीवर पसरायची, एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी. त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही, डोळे गेलेले. मी सकाळीच दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. पण दोरा एकदा हातात आला की आत्तींचा धावदोरा फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ. माझा जायचा भलतीकडंच. त्या माझ्या ओळीवरून बोट फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही वळ कुठं निघालीया, नेसरीच्या बाजाराला? उसव." मी उसवायची. माझ्या दोन ओळी व्हायच्या आणि दीड ओळ उसवली जायची. वाकळ पुढं सरकणार कशी?

शिवाय नियम. आमच्याकडं वाकळ शिवताना एक कोपरा उघडा ठेवतात. बाकी सगळं झालं की त्या कोपऱ्यात शाळूच्या भाकरीचा तुकडा घालायचा आणि मग तोंड शिवायचं. वाकळ जेवली म्हणजे तिच्या उबेला झोपणारं माणूस कधी उपाशी राहत नाही. न जेवलेली वाकळ घराबाहेर काढायची नाही, हे तर आत्तींना इतकं पक्कं की त्यावर बोलायची सोय नाही. चपाती चालत नाही. ब्रेडचा तुकडा चालेल का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी माझ्या माहेरचा तीन पिढ्यांपर्यंत उद्धार झाला.

तिसऱ्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली. दवाखान्यात मी रडत होते, कारण मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. आत्ती डबा घेऊन आल्या. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रडतीस कशाला? अर्धी वाकळ टाकून कुठं निघालीस?" वॉर्ड हसला, मीही हसले, आणि टाके दुखले म्हणून परत रडले. नंतर ड्रेसिंग करताना त्यांनी वाकून माझ्या पोटावरचे टाके नीट बघितले. "डाक्टरची वळ सरळ हाय," म्हणाल्या. घरी आल्यावर दीड महिना त्यांनी मला हंडा उचलू दिला नाही. गोड शब्द मात्र एक नाही.

गेल्या हिवाळ्यात थोरल्या दिरांचा फोन आला. गावचं घर बांधून झालं होतं, आईसाठी खालची खोली केली होती, दाराशी संडास-बाथरूम. "रविवारी गाडी घिऊन येतो. आता तरी वाकळ झाली असंल की," ते म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. आत्तींचं गाव, आत्तींची माती, मामंजींचा फोटो तिथंच. मी फोन आत्तींच्या कानाला लावला. "येऊ दे," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्याकडं दिला.

मला राग आला. कशाचा ते कळेना, म्हणून मी तो वाकळीवर काढला. म्हटलं, आयुष्यात एक तरी वस्तू पुरी करून दाखवते. त्या आठवड्यात मी मशीनला हात लावला नाही, फॉलवाल्यांना हाकललं, दोनदा आमटी करपवली. आत्ती दुसऱ्या टोकाला बसून दोरा ओढत होत्या. बोलणं नाही. उसव म्हणणंही नाही. शनिवारी संध्याकाळी चारी बाजू झाल्या, मधलं झालं, एक कोपरा तेवढा उघडा राहिला. शेवटची ओळ माझी होती.

उठून मी मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. सहा वर्षं ज्या बाईनं माझं काही बरं म्हणून बघितलं नाही, ती जाणार म्हणून मला रडू येत होतं. कपाळ माझं.

रविवारी दीर आले. मटण केलं, तांबडा-पांढरा केला, आठ भाकऱ्या थापल्या. "एक बाजूला ठेव, वाकळंला," आत्ती म्हणाल्या. मी एक फडक्यात गुंडाळून ठेवली.

दीर जेवायला बसले. दोन झाल्या, तिसरी मी वाढली. "घ्या की भावजी, गावाकडं काय खाताय ते दिसतंयच." चौथी वाढली. नवरा माझ्याकडं बघायला लागला, एरवी मी इतका आग्रह करत नाही. त्याच्या ताटात दोन टाकल्या. माझ्या वाटणीची पण दिरांना वाढली. मग मी फडक्यातली काढली. मी ती का काढली हे मला विचारू नका. अर्धी मोडून दिरांच्या ताटात टाकली. उरलेली अर्धी हातात घेऊन मी उभी राहिले, आणि आत्तींनी ताट पुढं केलं.

"आण हिकडं. आज भूक लागलीया."

आत्ती दुपारी चतकोरावर कधी जात नाहीत. दात पाच. ती अर्धी भाकरी त्यांनी रश्श्यात चुरून, एकेक घास घोळवत, शेवटच्या कणापर्यंत संपवली. आम्ही सगळे थांबलो होतो.

दिरांनी हात धुतले. "चला, कोपरा शिवा, निघूया."

"भाकरी संपली," मी म्हटलं.

"मग एक थापा की."

मी तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाल्या, "पीठ न्हाय."

पिठाचा डबा त्यांच्या पाठीशीच होता. आदल्या दिवशी मीच दळून आणलं होतं आणि आत्तींनी स्वतः चाळून भरलं होतं.

"मग गिरणीतनं आणतो."

"गिरण रविवारी बंद असती."

गिरणी आमच्या समोरच आहे. ती चालू होती, तिच्या घरघरीत आम्हाला जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. दिरांनी खिडकीकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी ताटं गोळा करत होते.

"मग आता?"

"आता काय? उपाशी न्हेऊ व्हय? तुझ्या बाची धोतरं हाईत त्यात."

दीर उठले. मग म्हणाले, "बरं. सुगी झाली की बघू." मी त्यांना पांढऱ्या रश्श्याचा डबा भरून दिला. गाडी गेली.

भांडी घासून मी बाहेरच्या खोलीत आले तर आत्तींनी वाकळ खिडकीतल्या उन्हात पसरली होती. शनिवारच्या माझ्या शेवटच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"ही वळ वाकडी गेलीया," त्या म्हणाल्या. "उसव."

ती वाकडी नव्हती. सहा वर्षांत माझ्या हातून पडलेली ती पहिली सरळ ओळ होती. मी आत जाऊन कात्री आणली आणि उसवायला बसले.