साहेबांसाठी टाकलेला मुरूम

माझं माहेर गडहिंग्लजच्या बाजूच्या एका गावचं, पण ऐन गावात नाही, ओढ्यापलीकडच्या वाडीत. शाळा, दवाखाना, डेअरी, एसटीचा थांबा सगळं गावात. पलीकडं आमचे वीसेक उंबरे, त्यातल्या निम्म्या घरांना कुलपं. काही घरांत कानडी बोलतात, काहींत मराठी, भांडताना दोन्ही. पावसाळ्यात ओढा भरला की गिरणीवाला समोर दिसतो, हाक मारली तर ओ देतो, पण दळण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

वाडीत शाळेला जाणारं मूल एकच उरलं होतं, माझ्या भावाची मुलगी. पावसाळाभर तीही घरात. ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, मंजूर झाला नाही तर आपण गडहिंग्लजला खोली घ्यायची, असं वहिनीनं भावाला बजावलं होतं. भावाला वाडी सोडायची नव्हती. दिवाळीनंतर साकवाची जागा बघायला बांधकाम खात्याचे साहेब येणार असं कळलं, तशी मी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याहून रजा टाकून गेले.

ओढ्यावर पोचले आणि कपाळाला हात लावला. चुलत्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, अख्खी वाडी कामाला लावून पाण्यात सिमेंटचे पाइप टाकले होते आणि वर ट्रॉल्या भरभरून मुरूम. चांगला रुंद, चोपून बसवलेला रस्ता.

"तात्या, ह्ये काय करून ठेवलंसा?"

"मग? पावणं चिखलातनं येणार व्हय?"

"चिखलच दाखवायचा हाय की त्यास्नी!"

"वाडीची अब्रू हाय का न्हाय?"

आम्ही पोरी त्याच पाण्यातनं चपला हातात घेऊन शाळेला गेलो, तेव्हा ही अब्रू कुठं होती कोण जाणे.

साहेबांची गाडी थेट तात्यांच्या दारात थांबली. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. मी पोरीच्या शाळेचं काढलं, तर तात्यांनी डोळे वटारले. "पावणं ताटावर हायत. जेवल्यावर बोल." पाहुण्याच्या ताटाशी गाऱ्हाणं काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जेवण झालं, सुपारी झाली. साहेब उठले, ओढ्याकडं बघून म्हणाले, "गाडी तर दारापर्यंत आली की. मग अडचण कसली?" नंतर कुलपांकडं बघितलं. "आणि इथं माणसं तरी कुठं आहेत?"

"साहेब, हा मुरूम कालच टाकलाय. पावसात राहणार नाही," मी म्हणाले.

"मग दरवर्षी टाकत जा," असं म्हणून ते हसले आणि गाडीत बसले. चाकाला चिखलाचा ठिपका नव्हता.

साकव नामंजूर झाला. साहेबांचा राग आलाच, पण तात्यांचा त्याहून जास्त आला. आणि त्यांना त्याचं काहीच नाही. "माणूस चांगला हुता," म्हणाले, "दोनदा रस्सा मागून घेतला."

मुरूम उन्हाळाभर टिकला. वहिनीनं सामान बांधलं तेव्हा मी तिथंच होते. कपाट, पलंग, शिलाई मशीन कसं न्यायचं याची मला काळजी होती, पण टेम्पो सरळ ओढा ओलांडून आला. दारात असा टेम्पो पहिल्यांदाच येत होता. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तात्या टेम्पोच्या पुढं उलटे चालत ड्रायव्हरला हात करत होते, "येऊ द्या, येऊ द्या! रस्ता पक्का हाय!"