पावसासाठी सोडलेली जागा

सखाराम मेस्त्रीच्या हातचं काम कुवेतमध्ये कधी टिकलं नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. वाळवंटातल्या नेमबाजीच्या मैदानावर तो सुतार होता. आठवडाभर लाकडी चौकटी ठोकायच्या, त्यांवर पुठ्ठे ताणायचे, आणि शुक्रवारी लोकांनी गोळ्या घालून त्यांची चाळण करायची. शनिवारपासून पुन्हा ठोकाठोक. अठरा वर्षं हेच. ‘माझं गिऱ्हाईक काम मोडल्याशिवाय घरी जात नाही,’ असं तो खैतान भागातल्या त्यांच्या खोलीत सांगायचा आणि खोलीतली सगळी सडी माणसं हसायची.

बंदुकीचं त्याला भय नव्हतं. कुडाळजवळच्या गावी त्याच्या बापाकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुक्कर भातात शिरलं की बाप एक बार काढायचा, डुक्कर खुशाल पळून जायचं आणि बाप म्हणायचा, “बार लागलो नाय, पण डुकर भियालो.” निवडणूक आली की तीच बंदूक फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. त्या बंदुकीच्या फडक्याचा वास सखारामला अजून आठवायचा.

यंदा मात्र मैदानावर तयार लोखंडी चौकटी येणार होत्या आणि सुताराची जागा बंद होणार होती. अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, महिनाअखेर संपत होता. लेक समिधा बेळगावात नर्सिंग शिकत होती, तिची अजून दोन वर्षं बाकी. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरा कोण बोलावून घेणार? सखारामची आशा आता एका रायफलीवर टिकून होती.

ती रायफल अबू जिब्रानची. सत्तरी ओलांडलेला, शांत बोलणारा कुवेती गृहस्थ, मैदानाच्या कमिटीवरचा. त्याच्या वडिलांची जुनी लष्करी थ्री नॉट थ्री मैदानाच्याच शस्त्रागारात ठेवलेली असायची. नळीखालचं लांब लाकूड तडकलं होतं. ऑगस्टमध्ये त्याने ते सखारामला दाखवलं. सखारामने अक्रोडाच्या ठोकळ्यातून तसंच दुसरं घडवलं. पंधरा दिवस संध्याकाळी पटाशी आणि कानस घेऊन बसायचा. लाकूड हातात घेतल्यावर म्हातारा बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला. “जानेवारीत जुन्या लष्करी रायफलींचा दिवस असतो,” तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. “ही सरळ चालली, तर तुला बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये घ्यायला मी सांगतो. तिथे लाकूड समजणारा कोणी नाही.”

तो शुक्रवार उजाडला. सखाराम पिकअपमध्ये बसतोय तोवर गावाहून बायकोचा, चंपाचा फोन आला.

“आज तुमचा ता बंदुकीचा आसा ना?” ती म्हणाली. “मी देवळात गाऱ्हाणा घालून इलंय.”

“बरा केलंस गो,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच धीर आला.

मैदानावर गार वारा सुटला होता. जॅकेट घातलेली म्हातारी माणसं थर्मासमधला चहा ओतत बसली होती. टेबलांवर जुन्या रायफली ओळीने मांडल्या होत्या, कुठली इंग्रजी, कुठली रशियन, एकेक सखारामच्या बापाच्या वयाची. लग्नाला आलेल्या पाहुण्यांची करावी तशी त्यांची चौकशी चालली होती. शस्त्रागार सांभाळणारा हैदराबादचा जहीर काडतुसं मोजून देत होता. तीही जुनीच, लष्कराने विकून टाकलेल्या साठ्यातली. सखारामला आज काही काम नव्हतं. तो जहीरच्या मागे उभा राहिला.

अबू जिब्रान वाळूच्या पोत्यावर हात टेकून बसला आणि त्याने सावकाश पाच गोळ्या झाडल्या. जहीरने दुर्बिणीतून पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि दुर्बीण सखारामकडे दिली. पाच भोकं पाच दिशांना होती. एक तर पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, सखारामने मारलेल्या खिळ्यापाशी. पुढच्या पाच त्याहून वाईट. म्हाताऱ्याने रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली, चष्मा काढून पुसला. रागावला असता तर सखारामला बरं वाटलं असतं.

“चुप बैठो मेस्त्री,” जहीर हळूच म्हणाला. “मैं बोल देता, कारतूसां पुराने हैं बोलके. उनों मान लेंगे.”

आणि मानलंही असतं हो! शेजारच्या टेबलावर नुकतंच एक काडतूस फुसकं निघालं होतं. कोणी शंका घेतली नसती. म्हातारा उदार होता. तुझं लाकूड चांगलंच आहे म्हणाला असता आणि वर्कशॉपमध्ये शब्द टाकला असता. सखारामने मान डोलावलीसुद्धा. पण हात गप्प राहीना. त्याने जहीरला विचारून रायफल उचलली, उन्हाकडे धरली, आणि लोखंड जिथे लाकडाला टेकतं तिथे त्याला सावलीची एक बारीक रेघ दिसली. कागद सहज सरकेल एवढी फट. तिथे तर दोन्ही घट्ट भिडायला हवीत. प्रत्येक गोळीला लोखंड लाकडात हलत होतं.

ही फट त्याची स्वतःचीच होती. लाकूड पावसाळ्यात फुगतं. चौकट असो की कपाट, सांध्यात केसभर जागा सोडायची, नाहीतर श्रावणात दार उघडत नाही. सुतार बापाने हे इतक्या लहानपणी हातात भिनवलं होतं की जागा सोडताना त्याला कळायचंही नाही. ऑगस्टमध्ये समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत लाकूड आधीच फुगलेलं होतं, त्यावर याने आणखी जागा सोडली. मग शस्त्रागारातल्या एसीच्या कोरड्या हवेत ते सुकलं आणि केसाचा दोरा झाला.

समिधाची दोन वर्षं डोळ्यांपुढे आली, आणि त्याला स्वतःची लाजही वाटली. मग तो अबू जिब्रानपुढे जाऊन उभा राहिला.

“बाबा, कारतूस ठीक है,” तो म्हणाला. “मेरा गलती है.”

जहीरने कपाळावर हात मारला.

सखारामने फट दाखवली आणि अर्धा तास मागितला. त्याच्या हत्यारांच्या पेटीत त्याच अक्रोडाचा उरलेला तुकडा होता. ज्याचं काम केलं त्याचा तुकडा वर्षभर टाकायचा नाही, हीसुद्धा बापाचीच रीत. जहीरने मागच्या टेबलावर रायफल उघडून दिली. सखारामने दोन पातळ पाचरी तासल्या, बसवून पाहिल्या, काढल्या, पुन्हा घासल्या. म्हातारा शेजारी खुर्ची ओढून बघत बसला. पाचर शेवटी अंगठ्याच्या दाबाने आत गेली आणि मग काही केल्या हलेना.

“जागा ठेवलीच का होतीस?” म्हाताऱ्याने विचारलं.

“बारिश के लिए,” सखाराम खाली मान घालून म्हणाला. “हमारे गाव में चार महिना बारिश.”

“तू कुवेतला किती वर्षं आहेस?”

“अठरा.”

म्हाताऱ्याने त्याच्या हातांकडे पाहिलं. “अठरा वर्षं,” तो म्हणाला, “आणि तुझा हात अजून इथे आलाच नाही.”

सखाराम हसला. पण ते वाक्य त्याला कुठेतरी आत लागलं.

दुपारी अबू जिब्रानने पुन्हा पाच गोळ्या झाडल्या. या वेळी पाचही भोकं एका पेल्याच्या तोंडाखाली झाकली गेली असती. म्हाताऱ्याने पुठ्ठा काढून आणवला, घडी करून जॅकेटमध्ये ठेवला आणि मैदानाच्या मॅनेजरला बाजूला नेऊन बोलला. पाच मिनिटांचं बोलणं. परत येऊन त्याने सखारामच्या खांद्यावर हात ठेवला. वर्कशॉप, दोन वर्षं, रविवारपासून. “आता तिथे जागा सोडू नकोस,” तो म्हणाला.

सूर्य कलला तेव्हा पिकअपची वाट बघत सखारामने गावी फोन लावला. फट, पाचर, म्हाताऱ्याचा प्रश्न, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाला, “दोन वर्षां मिळाली गो. समिधाचा शिक्षण पुरा होतला. तुझा गाऱ्हाणा देवान ऐकल्यान.”

पलीकडून कोंबड्या कोंडल्याचा आवाज येत होता.

“काय गो? तू काय मागलंस देवाकडे?”

“तुमका घराक धाड म्हणान सांगितलंय,” ती म्हणाली.

अठरा वर्षांत तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं. देवळातल्या गाऱ्हाण्यात ती काय मागत असेल, हे तो आपल्या मनाने ठरवून मोकळा झाला होता.

“समिधाचा शिक्षण होवकच व्हया,” चंपाच पुढे म्हणाली. “पण दोन म्हणजे दोनच. वर एक दिस नको.”

“नाय,” तो म्हणाला. “एक दिस नाय.”

पिकअप आली, हॉर्न वाजला, तरी त्याने फोन कानापासून काढला नाही. जहीरने आतून दार उघडून धरलं होतं.